मणीच्या कानाची कड

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. आपल्याकडे तोवर पहाटे गारवा जाणवायला लागतो; कुंभकोणमला खरा पावसाळा तेव्हाच सुरू होतो. अरसलारला पाणी चढलेलं, भिंतींना ओल, दोरीवरचे कपडे तीन तीन दिवस दमट. आत्याच्या घराला रस्त्याच्या अंगाला तिण्णै आहे, म्हणजे आपली ओसरी. तिथे गोणपाटावर तिचा कुत्रा मणी बसला होता आणि मागच्या पायाने पुढचं कोपर खाजवत होता. मी पिशवी खाली ठेवायच्या आत तो आवाज कानावर पडला. नखं कातडीवर चालल्याचा, कोरडा, घाईघाईचा. चौदा वर्षं पुण्यात कुत्र्या-मांजरांवर उपचार करते आहे, हा आवाज मला झोपेतही ओळखू येतो.

आत्याचं मराठी तंजावरी. व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्यामागून जी घराणी कावेरीकाठी आली, त्यांच्या घरांत टिकलेलं, तमिळ हेल लागलेलं. कागदावर मला ते तसं उतरवता येणार नाही, म्हणून इथे तिचं बोलणं माझ्या वळणाने येईल. मुद्दे मात्र तिचेच आहेत.

"पंधरा दिवस झाले," आत्या म्हणाली. "खोबरेल तेलात कडुलिंबाचा पाला आणि हळद उकळून लावते आहे. खपल्या मऊ पडतात, निघतात, पुन्हा धरतात. आता तू आलीस, टोच तुझं इंजेक्शन."

"कसलं इंजेक्शन? त्याला काय झालंय तेच अजून कळलेलं नाही."

"न कळायला काय झालं? सोरी झाली आहे." सोरी म्हणजे आपली लूत.

"आत्या, लूत म्हटलं की त्यात सगळंच आलं. खपली हा आजार नव्हे. कातडीतून पाणी, रक्त नाहीतर पू पाझरतो आणि मेलेल्या कातडीसकट वाळतो, त्याची खपली होते. तो कशाने पाझरला, हे खपली सांगत नाही. पिसवा चावल्या तरी खपली, गोचीड उपटला तरी खपली, गजकर्ण झालं तरी खपली, खरजेच्या किड्याने बीळ केलं तरी खपलीच. काही कुत्र्यांत तर शरीर आपल्याच कातडीवर उलटतं आणि नाकावर, कानांवर पिवळ्या खपल्यांचे थर चढतात."

"आमची आई या सगळ्यांना एकच तेल लावायची."

"आणि कुत्री बरी व्हायची?"

आत्याने आढेवेढे घेतले नाहीत. "काही व्हायची. काही जायची."

मला तिचा हा सरळपणा फार मोलाचा वाटतो. घरगुती औषधांची बाजू मांडणारे बहुतेक लोक जी गेली त्यांच्याबद्दल बोलत नाहीत. आणि आम्ही डॉक्टरही आपापल्या अपयशांबद्दल क्वचितच बोलतो.

मी मणीला उजेडात घेतलं. खपल्या आधी मोजायच्या नसतात, त्या कुठे आहेत ते पाहायचं असतं. शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागे दाटी असेल तर पहिला संशय पिसवांवर. कुत्र्याला पिसवेच्या लाळेचंच वावडं असतं, त्यामुळे चार-दोन पिसवाही त्याला रात्रभर जागवायला पुरतात. डोळ्यांभोवती, तोंडाशी, पुढच्या पंजांवर केस गेलेले आणि खाज बेताची असेल, त्यातून पिल्लू असेल, तर केसांच्या मुळांत राहणारा डेमोडेक्स. पोटावर बारीक पुळ्या आणि फुटलेल्या पुळीभोवती गोल पापुद्रा असेल तर जिवाणू. नुसत्या कानांच्या टोकांवर रक्ताळलेल्या काळ्या खपल्या असतील तर बहुधा माश्या चावलेल्या. मणीच्या खपल्या दोन्ही कोपरांवर, मागच्या पायांच्या घोट्यांवर, पोटाखाली आणि कानांच्या कडांवर होत्या. पाठ जवळजवळ स्वच्छ होती.

"एक पांढरं फडकं ओलं करून दे," मी म्हटलं.

फडकं जमिनीवर पसरलं आणि मणीची पाठ त्यावर बारीक फणीने विंचरली. काळे कण पडले. ते पिसवांची विष्ठा असतील तर ओल्या कापडावर त्यांच्याभोवती विटकरी रंग पसरतो, कारण ते पचलेलं रक्तच असतं. आम्ही दोघी खाली वाकून बघत राहिलो. कण काळेच राहिले. माती होती.

"म्हणजे पिसवा नाहीत," आत्या म्हणाली. "मी सांगतच होते. ही उष्णता आहे. रक्तातली."

"आत्या, १६८७ सालापर्यंत युरोपातले वैद्यही हेच म्हणत होते. शरीरातला दोष बिघडतो आणि खरूज उठते. मग बोनोमो आणि चेस्तोनी या दोन इटालियनांनी खरजेच्या फोडातून सुईने किडा काढला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याचं चित्र काढलं आणि दोष या किड्याचा आहे असं लिहून ठेवलं."

"१६८७ म्हणजे तंजावरला शहाजीराजे," ती म्हणाली. या घरात कुठलीही तारीख आधी राजाच्या नावाने लावून बघतात. "आणि आमच्या सरफोजीराजांचा धन्वंतरी महाल विसरू नकोस. तिथे माणसांची औषधं होत तशी जनावरांचीही होत. त्यांचे पाठ अजून सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. तुझ्या पुण्याच्या कपाटात आहे तेवढंच वैद्यक असतं होय?"

"दुसऱ्या सरफोजींबद्दल मला तुझ्याइतकाच अभिमान आहे. पण त्या माणसाने आणखी काय केलं? डोळ्यांचे रुग्ण तपासले तेव्हा एकेकाची नोंद ठेवली, रोगी डोळ्याची रंगीत चित्रं काढून घेतली. १८३२ साली गेले ते. दोनशे वर्षांपूर्वी हा राजा उपचाराच्या आधी काय दिसलं ते लिहून ठेवत होता. तू धन्वंतरी महाल सांगतेस तर तोही पुरा सांग."

आत्या गप्प झाली, पण हरून नव्हे. आत जाऊन कॉफी घेऊन आली. पितळी डबऱ्यात ठेवलेला टंबलर, वर फेस. इथल्या माणसाशी वाद घालताना मधे कॉफी येणारच.

"नुसत्या अभिमानाच्या गोष्टी मी करत नाही," ती बसत म्हणाली. "गुरांना लंपी आली तेव्हा कुप्पैमेनीचं तेल लावायला सरकारी माणसांनीच सांगितलं होतं. ते तरी मानशील?"

ते मी मानते, आणि मनापासून. तमिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं देशी पशुवैद्यकाचं केंद्र तंजावरलाच आहे. डॉ. पुण्णियमूर्तींनी तिथे गावोगावचे पाठ पारखून, मापं ठरवून मांडले आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ते देशभर पोचवले. लंपीच्या जखमांसाठी कुप्पैमेनी, म्हणजे आपली उकिरड्यावर उगवणारी खोकली, शिवाय कडुलिंब, तुळस, मेंदी, हळद आणि लसूण खोबरेल किंवा तिळाच्या तेलात उकळून लावायचं, असा तो पाठ. २०२२ साली महाराष्ट्रातही किती गोठ्यांत तो उकळला गेला, मी पाहिलं आहे.

"मानते. पण तो पाठ गुरांसाठी आहे. त्यात लसूण आहे. कुत्रा अंगाला लावलेलं सगळं चाटतो, आणि लसूण-कांदा पोटात गेला की त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गाईच्या जखमेवरचं औषध कुत्र्याच्या पोटात जातं, आत्या. पाठ चुकीचा नाही, जनावर वेगळं आहे."

"मी लसूण घातला नव्हता."

"ते बरंच झालं. आता त्याच्या बोटांमधे नाक लाव."

तिने मणीचा पंजा उचलून वास घेतला आणि तोंड मागे घेतलं. आंबूस, खवट वास होता. कुत्र्याच्या कातडीवर एक बुरशी एरवीही थोडी असतेच. ती चरबीवर जगते आणि तेलकट, दमट जागी फोफावते. ऐन पावसात पंधरा दिवस तेल, वर ओलं गोणपाट. मूळ दुखणं तेलाने आलं नव्हतं, पण दुसरं एक आत शिरलं होतं.

"म्हणजे मीच वाढवलं," आत्या म्हणाली. तिचा आवाज उतरला.

मला तिला तिथे एकटं सोडायचं नव्हतं. मग मी तिला ते सांगितलं जे मी सहसा सांगत नाही. प्रॅक्टिस सुरू करून वर्ष झालं होतं. चार महिन्यांचं एक काळं पिल्लू आलं, गालावर आणि पंजावर केस गेलेले, थोड्या खपल्या. बाहेर रांग होती. कातडी खरवडून बघायला दहा मिनिटं लागली असती, ती मी काढली नाहीत. ॲलर्जी असेल म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. तीन दिवस पिल्लू छान झोपलं, घरचे लोक पेढे घेऊन आले. महिन्याने ते पुन्हा आलं तेव्हा त्याच्या अंगावर केसांपेक्षा खपल्या जास्त होत्या. तो डेमोडेक्स होता. आईच्या कुशीत पहिल्या दोन-तीन दिवसांतच हा किडा पिल्लांच्या अंगावर येतो, बहुतेक कुत्र्यांत उगी राहतो आणि पिल्लांत डाग थोडे असतील तर बऱ्याचदा औषधाशिवायही जातात. स्टेरॉइडने शरीराचा पहारा उठवला आणि त्याला मोकळं रान मिळालं. पिल्लू वाचलं, पण सहा महिने लागले.

"तेव्हापासून खाज थांबवणाऱ्या औषधाची मला भीती वाटते," मी म्हटलं. "खाज थांबली की आपल्याला वाटतं, रोग गेला. मेडिकलमधून लोक माणसांची ती मलमं आणतात ना, खाज, बुरशी, जंतू सगळ्यांवर एकच ट्यूब? त्यांतही बहुधा स्टेरॉइड असतं. गजकर्णावर लावली की वरून लाली जाते आणि खाली बुरशी पसरत राहते."

"आणि काळं ऑइल?" आत्याने विचारलं. "चहाच्या टपरीवरच्या कुत्र्यांना मेकॅनिक ते ओततो. गाडीतलं जुनं. म्हणतो किडे मरतात."

यावर मला शांत बोलता येत नाही. इंजिनातलं जळकं तेल, रॉकेल, फिनाईल या तिन्ही गोष्टी आपल्या देशात कुत्र्यांच्या अंगावर औषध म्हणून ओतल्या जातात, पुण्यात आणि कुंभकोणमला सारख्याच. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर माणसापेक्षा बराच पातळ असतो. आधीच सोललेल्या कातडीतून ते विष आत जातं, उरलेलं तो चाटून पोटात घेतो. किडे मरतात तेव्हा बऱ्याचदा कुत्रंही मरतं. ओतणारा माणूस दुष्ट नसतो, हे मला जास्त लागतं. त्याला त्या कुत्र्याची दया आलेली असते.

दुसऱ्या दिवशी मी मणीला गावातल्या एका पशुवैद्य मित्राकडे नेलं. ब्लेडला तेलाचं बोट लावून कोपर, कानाची कड, पोट अशा पाच जागा रक्ताचा बारीक ठिपका येईपर्यंत खरवडल्या. आम्ही दोघं आळीपाळीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासभर बसलो. किडा दिसला नाही. अंडंही नाही.

घरी आल्यावर आत्याने माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"नाही ना दिसलं? मग आता? तुझं बघूनही झालं."

"दिसलं नाही म्हणून नाही असं होत नाही. खरजेचे किडे थोडे असतात आणि कातडीत बिळं करून राहतात. खरवडून अर्ध्याहून जास्त वेळा ते हाती लागत नाहीत."

"वा. मी न बघता तेल लावलं तर अडाणी, आणि तू बघूनही दिसलं नाही तरी तुझंच खरं?"

तिचं म्हणणं रास्त होतं. मी उत्तर शोधत मणीजवळ बसले आणि सवयीने त्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून कानावर कान चोळला. त्याबरोबर त्याचा त्याच बाजूचा मागचा पाय हवेत खाजवायला लागला. सोडला, थांबला. पुन्हा चोळला, पुन्हा पाय चालू. खरूज झालेल्या बहुतेक कुत्र्यांत असं होतं. ही खात्री नव्हे, पण संशय पक्का करणारी खूण आहे.

आत्या बघत होती. मग तिने लुगड्याचा पदर सरकवून डावा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूला बारीक लाल पुळ्या होत्या.

"हे काय असेल? रात्री फार खाजतं. मला वाटलं, हळदीचं तेल उतू गेलं होतं त्याचं असेल."

"कधीपासून?"

"त्याला तेल लावायला लागले त्यानंतर चार-पाच दिवसांनी. डाव्या हातानेच त्याला धरते मी. आणि ऐक, टपरीवरची ती चार पिल्लं आहेत ना, तीही अशीच खाजवतात. नदीच्या वाळूचा ढीग पडलाय तिथे बांधकामाला, मणी दुपारी त्यांच्यातच जाऊन झोपतो. महिना झाला असेल. पहिली खपली कानावर धरली, मग कोपरावर. पोट सगळ्यात शेवटी."

हे सगळं तिला ठाऊक होतं. मी आल्या दिवशी विचारलं नव्हतं. मी खपल्या बघितल्या, फडकं बघितलं, सूक्ष्मदर्शकात तासभर बघितलं; जी बाई पंधरा दिवस रोज त्या कुत्र्याच्या कातडीवरून बोटं फिरवत होती, तिला मी उष्णतेवरून इतिहास शिकवत बसले. कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसावर येतो, चावतो, पण माणसावर त्याचा वंश चालत नाही. कुत्रं बरं झालं की बहुधा काही आठवड्यांत आपली खाजही जाते. धरणाऱ्या हातावर पुळ्या, सोबतची पिल्लं खाजवणारी, कानाची कड आणि कोपरं. सूक्ष्मदर्शकाने दिलं नाही ते निदान आत्याने दिलं.

औषधावरून मात्र पुन्हा जुंपली.

"केमिकल नको," ती म्हणाली. "मातीतून आलेलं काही असेल तर सांग."

"आहे. १९७४ साली सातोशी ओमुरा या जपानी शास्त्रज्ञाने गोल्फच्या मैदानाजवळची माती उचलली. तिच्यातल्या जिवाणूपासून किडे मारणारं औषध निघालं, आयव्हरमेक्टिन. २०१५ साली त्याला नोबेल मिळालं. खरजेवर चालतं. पण कॉली जातीच्या आणि तिच्या वंशातल्या पुष्कळ कुत्र्यांत तेच औषध मेंदूत शिरतं आणि जास्त मात्रेत जीव घेतं. मातीतून आलंय म्हणून निर्धोक नाही, आत्या. आणि मणीला मी ते देणारही नाही. आता त्याहून सोपी गोळी आहे, वजनाप्रमाणे, महिन्यातून एकदा. गोचीड, पिसवा, खरूज तिन्हींवर चालते. फक्त फिट येणाऱ्या कुत्र्याला ती जपून द्यावी लागते. मणीला कधी झटके आले होते?"

"कधीच नाही."

"मग दे. आजची एक, महिन्याने दुसरी. आणि आठवड्यातून दोनदा जंतुनाशक शांपूने आंघोळ. फेस अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे, नाहीतर पाण्यात गेला."

"दहा मिनिटं कुत्रं उभं राहतं होय?"

"रामरक्षा म्हण. संथ म्हटलीस की दहा मिनिटं होतात."

"आणि माझं तेल?"

"सध्या नाही. आंघोळीच्या आधी खपल्या सैल करायला नुसतं खोबरेल, बोटभर, मग धुऊन टाकायचं. खपली ओढून काढायची नाही, खाली नवं कातडं धरत असतं. ते पुरं वर यायला तीन आठवडे लागतात, तोवर औषधाला नावं ठेवायची नाहीत. गोणपाट जाळ, जुनी चादर घाल, दर दोन दिवसांनी उकळ. आणि तुझी आई गंधक वापरायची का?"

"वापरायची की. करंजाच्या तेलात."

"ते बरं करायची. चुना-गंधकाचं पाणी अजून आमच्या पुस्तकांत आहे, खरजेवरही आणि गजकर्णावरही."

आत्या हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

निघताना मी तिला एक वही देऊ केली. ती नको म्हणाली. इथे घरोघर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं, आज राहुकाळ कधी हे बघायला. फाडलेल्या पानाच्या कोऱ्या पाठीवर लिहीन, म्हणाली. बावीस दिवसांनी तिने त्या पानांचे फोटो मला पाठवले. अक्षर लपेटीचं, ओळी तिरक्या.

दिवस ३. खाज तेवढीच. रात्री चार वेळा उठला. दिवस ७. खाज कमी. पंजाचा वास गेला. दिवस ९. पाऊस, आंघोळ नाही, पुसून घेतला. दिवस १२. उजव्या कोपराची खपली आपोआप पडली, खाली गुलाबी, लव दिसते. दिवस १५. माझा हात बरा. दिवस २१. कान चोळला, पाय हलला नाही. तीनदा चोळला.

शेवटच्या पानावर मणीबद्दल काही नव्हतं. चार आकडे एकाखाली एक लिहिले होते: ४.२, ३.८, ४.०, ३.१. मी फोन केला.

"पिल्लांची वजनं आहेत," आत्या म्हणाली. "वाण्याच्या काट्यावर केली. चौथी बारीक आहे, तिच्या कानावरून पाठीवर आलंय. वय तीन महिने असेल, थांब, चहावाल्यालाच विचारून नीट लिहून पाठवते. तू गोळीचं माप सांग. आणि मेकॅनिकशी मी बोलले आहे. तो धरायला येणार आहे."

"काळं ऑइल?"

"डबा घेऊन आले मी त्याच्याकडून. न्हाणीमागे ठेवलाय."